चकलीची चाकं आणि दोन दांड्या

तुमच्या घरी मोटारीच्या इंजिनातला एखादा भाग मतदान घेऊन काढलाय का कधी?

आमच्या घरी काढलाय. तीन विरुद्ध एक, एक तटस्थ. ठराव मंजूर झाला तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. ठराव मी मांडला होता आणि टाळ्याही मीच वाजवल्या होत्या, पण वाजल्या होत्या हे महत्त्वाचं.

आमचे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते, आणि कारखान्यात होते त्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. त्यामुळे आमच्या घरी डब्यांखाली पत्रकं, पोळ्यांखाली पत्रकं, माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा पत्रकांची. इतर मुलं 'अ' अननसातला शिकली, मी 'अ' अन्यायातला शिकले. (बालवाडीच्या बाईंनी आईला भेटायला बोलावलं होतं.) घरात कुठलाही निर्णय हात वर करून होतो. पंखा कितीवर ठेवायचा, रविवारी मटण की अंडी, पाहुण्यांना कधी उठवायचं, सगळं! आई या पद्धतीला 'नुसता तमाशा' म्हणते. तो शब्द दर वेळी कामकाजातून वगळण्यात येतो.

माझी मोठी बहीण, रेवाताई, हिला मात्र बोलण्याचा कंटाळा. ती अंबडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करते. मी एखाद्या प्रश्नावर दोन पानं लिहिते तेवढ्यात ताई पाना घेऊन तो प्रश्न मिटवून मोकळी होते. तिनं एक जुनी जपानी गाडी घेतली, तिचं इंजिन उघडलं, घासलं, पुन्हा बसवलं, आणि शहराबाहेरच्या मैदानावर शंकू मांडून ज्या शर्यती होतात त्यात ती गाडी धुरळा उडवत पळवायला लागली. गाडी सुरू असली तरी आई बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवायची, इतकं ते इंजिन गुळगुळीत चालायचं.

एकदा चहा पिताना ताई सहज म्हणाली, "माझं लग्न उरकलं की हिचे बॅलन्सर शाफ्ट काढून टाकीन म्हणते."

मी लिहिता लिहिता मान वर केली. "ते काय असतं?"

"दोन दांड्या असतात इंजिनात. एका अंगानं जड. इंजिनाच्या दुप्पट वेगानं फिरतात."

"आणि काय करतात?"

"पिस्टन वरखाली होताना हादरा बसतो ना, त्याच्या बरोबर उलटा हादरा ह्या देतात. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तुला आत बसल्यावर काही जाणवत नाही."

"म्हणजे गाडी पुढे न्यायला त्यांची मदत काय?"

"काही नाही. उलट थोडी ताकद खातात. शिवाय त्यांचा छोटा पट्टा तुटला तर मोठ्या पट्ट्यात अडकून इंजिनाची वाट लावतो. म्हणून शर्यतीवाले काढतात."

मी पेन खाली ठेवलं. "ताई! आत बसून इंजिनाची ताकद खायची, दुप्पट वेगानं गोल गोल फिरायचं, आणि निर्माण काय करायचं? शून्य!"

"शांतता निर्माण करतात," ताई म्हणाली.

"शांतता ही नेहमी सत्तेच्या सोयीची असते!"

"मुक्ता, ते लोखंड आहे."

पण मला आता थांबवणं शक्य नव्हतं. मी बाबांकडे गेले, बाबांनी चष्मा लावला, आणि सभा भरली. ताईचं म्हणणं एवढंच होतं की शर्यतीच्या गाडीला ते नसलेले बरे, पण रोजच्या गाडीला असलेले बरे, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना ही गाडी रोजची आहे. मी म्हणाले, अन्याय लग्नाच्या मुहूर्तासाठी थांबत नसतो. आई म्हणाली, "जे नीट चाललंय त्याचं झाकण उघडायचं कशाला? माझा हात खाली." बाबांचा हात वर गेला. (बाबांचा हात 'हटवा' शब्द ऐकला की आपोआप वर जातो. डॉक्टरांनाही दाखवून झालंय.) ताई तटस्थ राहिली. "गाडी माझी आहे आणि तुम्ही मला सोडून सगळ्यांना विचारताय," हे तिचं कारण.

दोन विरुद्ध एक. पण बाबांचा नियम असा, की घरच्या मतदानात सिंधूआत्याचं मत घेतल्याशिवाय निकाल लागत नाही.

सिंधूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती गिरणारे गावाकडे राहते, झेंडू आणि भाजीपाला करते, दारात एक म्हैस. आतोबा गेल्यापासून एकटीच सगळं बघते, मूलबाळ नाही. आम्ही लहान असताना आई आणि बाबा दोघंही पाळीवर जायचे, तेव्हा शेत दुसऱ्याच्या हवाली करून आत्या आमच्याकडे येऊन राहायची. आमच्या वेण्या, आमचे ताप, आमची शाळेची स्नेहसंमेलनं, सगळी आत्याची. तिला फोन लावला तेव्हा मागून फवारणी पंपाचा आवाज येत होता.

"आत्या, मतदान आहे," मी ओरडले.

"बरं. तू कुठल्या बाजूला हायेस?"

"काढायच्या!"

"मग मी पण काढायच्या." पंप बंद झाला. "पण काढायचंय काय?"

तीन विरुद्ध एक!

पुढच्या रविवारी ताईनं इंजिन उघडलं. मी बॅटरी धरून उभी होते आणि अधूनमधून मार्गदर्शन करत होते. ताईनं पट्टा काढला, पुढचा भाग खोलला आणि एकेक करून त्या दोन दांड्या बाहेर ओढल्या. तेलानं माखलेल्या, चकचकीत, आणि चांगल्याच जड. मी एक हातात घेऊन उंच धरली आणि म्हणाले, "आज या इंजिनाच्या इतिहासात—"

"भाषण नंतर. ती खाली ठेव, पायावर पडेल."

पडली. (अंगठ्याचं नख अजून नीट आलेलं नाही.) मी एका पायावर नाचत असताना ताईनं तेलाची भोकं बंद केली. त्यासाठीची बुचं तिनं वर्कशॉपमध्ये स्वतः करून आणली होती. ती बंद केली नाहीत तर तेलाचा दाब जातो, असं ती म्हणत होती. मी म्हणाले, क्रांतीनंतर गळती ही होतेच. तिनं पाना जरा जोरात आपटला.

गाडी सुरू झाली. पायानं नुसता स्पर्श केला तरी इंजिन गरजत होतं! आईनं सवयीनं बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला. ग्लास थोडा वेळ विचारात उभा राहिला, मग आपला आपण चालत चालत कडेपर्यंत आला आणि खाली पडला. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"स्वातंत्र्याची सुरुवात अशीच होते," मी म्हणाले.

"फडकं आण," आई म्हणाली.

त्याच आठवड्यात मी एक पत्रक काढलं. मथळा: 'फुकट फिरणाऱ्यांनो, चालते व्हा!' त्यात मी बॅलन्सर शाफ्टचं उदाहरण घेऊन समाजातल्या सगळ्या अनुत्पादक भागांना नोटीस दिली होती. सातपूरच्या बसथांब्यावर स्वतः उभं राहून वाटलं. एका काकांनी ते उलटसुलट करून वाचलं आणि विचारलं, "ताई, गॅरेज कुठंय तुमचं?"

आता रुखवताकडे येते. कारण खरी गोष्ट रुखवताची आहे.

आत्याच्या स्वतःच्या लग्नात रुखवत नव्हतं. तेव्हा बाबा तरुण होते, तापट होते, आणि त्यांनी 'रुखवत: प्रदर्शन कशासाठी?' असं पत्रक काढून आपल्याच बहिणीच्या लग्नापासून सुधारणेला सुरुवात केली होती. आत्यानं तेव्हा लोकरीचे मोर केले होते म्हणे. ते पेटीतच राहिले. आत्या याबद्दल कधी काही बोलली नाही. पण ताईचं लग्न ठरल्या दिवसापासून तिचा रोज फोन, "रेवाचं रुखवत मी करणार. कुणी मधी यायचं नाय."

मीही बाबांची मुलगी. बाबांचं जुनं पत्रक थोडं दुरुस्त करून मी त्याची नवी आवृत्ती काढली आणि आत्याला पाठवली. आत्याचा फोन आला, "मिळालं गं तुझं पत्रक. कागद लय चांगला हाय. लाडवांच्या खाली घातला."

"आत्या, माझा रुखवताला तत्त्वतः विरोध आहे."

"लाडवाला हाय का?"

"लाडवाला नाही."

"मग झालं तर."

लग्नाच्या आदल्या दिवशी हे रुखवत आत्याच्या घरून सातपूरला आणायचं होतं. आत्यानं शेजारचा भाजीचा टेंपो सांगून ठेवला होता. ऐकताच मी उसळले. स्त्रीनं रांधलेलं रुखवत, स्त्रीनं जुळवलेल्या गाडीतून, स्त्रीनंच आणलं पाहिजे! सभा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून मी हा निर्णय एकमतानं घेतला.

ताईच्या दोन्ही हातांवर मेंदी होती. ती दारातून ओरडली, "मुक्ता, ती आता थरथरते हे लक्षात ठेव! डावीकडच्या सुईकडे बघ. तीनवर रेंगाळू देऊ नकोस. तिथं सगळ्यात जास्त हलते!"

"कळलं!" मी म्हणाले.

आत्याच्या घरी पोचले आणि पडवीतच उभी राहिले. बेसनाच्या लाडवांचा मनोरा होता, करंज्यांचं कमळ होतं, पण मधोमध पाटावर जे होतं त्यानं माझी वाचा बंद झाली. (आत्या आजही ही घटना तारीखवार सांगते.) ती ताईची गाडी होती! अख्खी! शंकरपाळ्यांची! पाकानं एकेक शंकरपाळी चिकटवून केलेलं अंग, चकलीची चार चाकं, बत्ताशांचे दिवे, शेवेचे वायपर. मागच्या बाजूला ताईच्या गाडीला पोचा आहे, तोसुद्धा होता.

"आत्या, हे कसं केलंस तू?"

"रेवानं फोटू धाडले होते. मग तिला रोज फोन करून विचारायची, आता ह्याच्या आत काय असतं, त्याच्या आत काय असतं." आत्यानं पदरानं बॉनेटवरची न दिसणारी धूळ पुसली. "नीट पोचलं पायजे बघ मुक्ते. बाकी काय नाय माझं म्हणणं."

शंकरपाळ्यांची गाडी मागच्या सीटवर ठेवली. तिच्या शेजारी लाडवांचा मनोरा, करंज्या डिकीत. आत्या पुढे बसली, मांडीवर नारळ घेऊन. आम्ही निघालो.

मी ताईची सूचना काटेकोर पाळत होते. वेगाची सुई मुळीच तीसवर रेंगाळू द्यायची नाही! म्हणून मी दुसऱ्या गियरमध्ये गाडी चांगली चाळीसच्या वर ठेवली. डावीकडे आणखी एक गोल होता, त्यातली सुई तीनच्या आकड्यावर ठाण मांडून बसली होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायचं मला काही कारण दिसलं नाही. (जन्मभर डावीकडे बघत आलेली मी, नेमकी त्या दिवशी उजवीकडे बघत होते!)

"मुक्ते, गाडीला हुडहुडी भरलीय का गं?"

"नाही आत्या. ताकद आहे ती!"

"माझ्या दातांत पण आलीय ताकद."

आधी आरसा फिरला. मागचा रस्ता दाखवायचा सोडून तो मला माझीच हनुवटी दाखवायला लागला. मग आत्याचा चष्मा नाकावरून शिस्तीत खाली उतरला आणि नारळावर जाऊन बसला. मग समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि त्यातून माझी पत्रकं बाहेर यायला लागली, एकामागून एक, मोर्चा निघावा तशी. 'फुकट फिरणाऱ्यांनो, चालते व्हा!' आत्याच्या मांडीवर, 'चालते व्हा!' आत्याच्या पायाशी.

"हे का-आ-आय लिहिलंस गं-अं?" आत्याचा आवाजही थरथरत होता.

"नंतर सांगते! पुढे टेंपो आहे!"

पुढे टोमॅटोचा टेंपो होता. त्याला मागे टाकायला रस्ता मिळेना, समोरून सारखी वाहनं. त्याचा वेग चाळीसच्या वर, माझाही चाळीसच्या वर, आणि गाडी अशी हलत होती की मला समोर दोन-दोन टेंपो दिसत होते. मागून 'टप्' असा आवाज आला. मग 'टप् टप्'. आत्यानं मान वळवली.

"लाडू उतरायला लागले!"

"किती?"

"सगळेच निघालेत गं!"

आत्यानं नारळ सोडला, पट्टा सोडला, आणि या वयात दोन सीटांच्या मधून अर्धी मागे शिरली. एका हातानं मनोरा, एका हातानं शंकरपाळ्यांची गाडी. माझ्या कानाशी तिचं कोपर, गियरवर तिचा गुडघा. त्यामुळे गियर बदलायची शक्यताही संपली! इतक्यात मागून एक चकली घरंगळत आली, माझ्या सीटच्या कडेनं पुढे गेली आणि ऐटीत माझ्या पायाशी येऊन आडवी झाली.

"पुढचं डावं चाक गेलं," आत्या म्हणाली. "हळू घे, मुक्ते."

मी चकलीकडे पाहिलं. त्याच वेळी टोमॅटोवाल्यानं गतिरोधकासाठी ब्रेक दाबला. मग मीही दाबला. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं काही दाबलं नसेल.

गाडी थांबली. रुखवत थांबलं नाही.

मग शांतता झाली. म्हणजे, आम्ही दोघी शांत होतो. इंजिन चालूच होतं, आणि मागच्या सीटवरचा ढीग अजून थरथरत होता. त्या थरथरीनं तो चाळणीत घातल्यासारखा आपोआप चाळला जात होता. शंकरपाळ्या वर, लाडवांचं पीठ खाली. मी किल्ली फिरवली. आत्याच्या केसांत बेसन होतं, भुवयांवर बेसन होतं. ती मागच्या सीटवर बसली आणि ढिगात हात घालून काहीतरी शोधायला लागली.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले.

"रडू नको. लाडू खा," आत्या म्हणाली.

"लाडू आहेत कुठे?"

"सगळीकडं."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग खांदे हलवत, मग अशी, की बंद गाडीसुद्धा पुन्हा हलायला लागली. तेवढ्यात तिनं ढिगातून दोन वस्तू वर काढल्या. कडबोळ्याच्या पिठाच्या, तळलेल्या, बोटाएवढ्या जाड दोन दांड्या. अख्ख्या. कणही उडाला नव्हता.

"ह्या तेवढ्या राहिल्या," ती म्हणाली.

"हे काय?"

"तुझ्या त्या दांड्या! रेवानं सांगितलं इंजिनात असतात, म्हणून मी पण बॉनेटमधी घातल्या. मग तुमचं ते मतदान झालं. मी पण मत दिलेलं. म्हटलं, दिलं तर दिलं, आपल्या पण काढू. काढायला गेले तर वरचं झाकण खाली बसायला लागलं. त्याच तर सगळं तोलून धरून होत्या! म्हटलं राहू द्या. आत डोकावून कोण बघतंय? मुक्ती तर नाय बघायची."

घरी पोचलो. मागचं दार उघडलं आणि बाबा, आई, ताई तिघंही वाकून आत बघायला लागले. ताईनं एकच प्रश्न विचारला, "सुई कितीवर होती?"

"चाळीसच्या वर ठेवली होती. तीसवर अजिबात रेंगाळू दिली नाही."

ताईनं डोळे मिटले. "ती वेगाची. मी इंजिनाच्या फेऱ्यांची सांगत होते. डावीकडची. आणि गियर? गियर का नाही बदललास?"

"त्याच्यावर आत्या होती."

बाबांनी घसा साफ केला. "मला वाटतं, तातडीची सभा—"

"सभा नको!" आई म्हणाली. "परात आणा."

आत्या बेसन झटकत खाली उतरली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. "दादा, दोन पिढ्यांनी मिळून एक रुखवत काय तुम्ही नीट होऊ दिलं नाय." ती हसतच म्हणाली. पण बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्यांना ते लोकरीचे मोर आठवले असणार. मग ते आत गेले आणि परात घेऊन आले. पत्रक न काढता बाबांनी मागितलेली ती माझ्या आठवणीतली पहिली माफी.

आई पातेल्यात तूप तापवून लाडू पुन्हा वळायला बसली. प्रश्न होता गाडीचा. तुटक्या शंकरपाळ्या पाकानंही पुन्हा जुळेनात. आत्या म्हणाली, "जाऊ द्या. लाडू आन् करंज्या ठेवू." ती अगदी सहज म्हणाली.

ताई मात्र मागच्या सीटकडे उघडलेल्या इंजिनाकडे बघावं तशी बघत होती. "कशालाही हात लावू नका," ती म्हणाली. "मुक्ता, पांढरी चादर आण."

ताई इंजिन उघडते तेव्हा खाली कापड अंथरते आणि निघालेला प्रत्येक भाग त्यावर ओळीनं मांडते. तेच तिनं आता सुरू केलं. तिच्या हातांवर मेंदी होती, म्हणून हात माझे. ती सांगायची, मी मांडायची.

"चार चाकं चार कोपऱ्यांत. बत्ताशांचे दिवे पुढे. दाराच्या शंकरपाळ्या वेगळ्या, टपाच्या वेगळ्या. वायपर तुटलाय? तुटलेलाच ठेव, माझाही तुटलाय. आणि त्या दोन दांड्या मधोमध."

आत्या जवळ येऊन उभी राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं. "अगं बाई! खोललेली गाडी!"

"गाडी अर्धा वेळ अशीच असते आत्या," ताई म्हणाली.

पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मजकूर तयार केला: श्रमाचं मोल, स्त्रीचं कौशल्य, परंपरेचा पुनर्विचार. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लय लांब हाय. मी सांगते ते लिही." मी लिहिलं:

'रेवाची गाडी. काम चालू आहे. हात लावलात तर खावं लागेल.'

लग्नात जेवणाच्या पंगतीपेक्षा रुखवताच्या टेबलाशी गर्दी जास्त होती. लोक फोटो काढत होते. ताईच्या सासूबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं, पाटी वाचली, आणि विचारलं, "मागचं टायर घेतलं तर चालेल का हो?" आणि त्यांनी ते कडाकड खाल्लं! आत्या नवी साडी नेसून टेबलाच्या मागे उभी होती आणि येईल त्याला इंजिन समजावून सांगत होती.

"आणि ह्या दोन दांड्या कसल्या, आजी?"

"ह्या नुसत्या फिरतात. दिसायला काय कामाच्या नाय. पण काढू नका. का काढू नका ते विचारायचं असलं तर माझी भाची तिथं उभी हाय, पिवळ्या साडीत."

त्या दिवशी मला खूप लोक भेटले.

ताईनं शाफ्ट पुन्हा बसवले नाहीत. गाडी मैदानावर आता खरंच जोरात पळते, आणि ताई रोज स्कूटरनं अंबडला जाते. (ठराव चुकीचा नव्हता, अंमलबजावणी चुकली, असं मी अजूनही म्हणते. एकटी असताना.) मूळ लोखंडी शाफ्ट आत्या घेऊन गेली. झेंडू तोडून ढीग घातला की त्यावरचं कापड उडू नये म्हणून दोन टोकांना ती ते ठेवते. बाबांनी त्याच महिन्यात आत्याच्या पेटीतले मोर मागून आणले. ते आमच्या बैठकीत आहेत, युनियनच्या फोटोच्या बरोबर खाली. त्यावर मतदान झालं नाही.

परवा मी आत्याला विचारलं, "आत्या, आपल्या घरातले शाफ्ट म्हणजे तू. मग मी कुठला भाग?"

आत्यानं झेंडूची जुडी बांधता बांधता फार वेळ घेतला नाही. "तू हॉर्न."

म्हणून आता एक विनंती. 'फुकट फिरणाऱ्यांनो, चालते व्हा!' हे माझं पत्रक तुमच्यापैकी कुणाला सातपूरच्या थांब्यावर मिळालं असेल, तर ते फाडू नका. मागची बाजू कोरी आहे. आज जेवायला बसायच्या आधी तिथं एक नाव लिहा: ज्या माणसानं तुमचं घर हलू दिलं नाही, आणि घरात कोण काय करतं हे सांगताना ज्याचं नाव घ्यायचं तुम्ही विसरता, त्याचं. पत्रक नसेल तर हातावर लिहा. मग त्या माणसाला फोन करा आणि आभार माना. फक्त एक करा, थोडक्यात माना. मी आत्याला फोन करून आभाराचं पूर्ण भाषण केलं. तिसऱ्या मुद्द्यावर आले तेव्हा कळलं, की आत्या फोन खाटेवर ठेवून पाणी भरायला गेली आहे आणि पहिल्या दोन मुद्द्यांना 'हूं' म्हणत होती ती तिची म्हैस!